क्लिअर रिटेनर धुरकट कशानं होतो, घाणीनं की सफाईनं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की दातांच्या तारा काढल्यावर दात परत सरकू नयेत म्हणून मिळालेला पारदर्शक रिटेनर सात-आठ महिन्यांतच धुरकट आणि जरा पिवळट झालाय, तोंडात घालताना वास येतो. सुरुवातीला तुम्ही तो दातांबरोबर टूथपेस्टनंच घासायचात, मग कुणीतरी सांगितलं म्हणून दिवसभर माऊथवॉशमध्ये बुडवून ठेवायला लागलात, आणि हल्ली रोज ती फेसाळणारी गोळी वापरताय. आता शंका अशी की गोळीनंच प्लॅस्टिक गेलं का, आणि एकदा उकळत्या पाण्यातून काढला तर निदान जंतू तरी मरतील का.

उकळत्या पाण्याचं आधी सांगते, नाहीतर पुढचं वाचून होईपर्यंत कुणीतरी पातेलं चढवायचं. अजिबात करू नका. जंतू मरतील, पण त्यांच्याबरोबर रिटेनर पण जाईल. आणि गोळीवर सगळं खापर फोडू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून बहुतेक जास्त नुकसान पेस्टनं केलंय, त्याखालोखाल माऊथवॉशनं, गोळीचा वाटा त्यात कमीच असणार. इतकी वर्षं लोकांचे रिटेनर हातात घेऊन बघतेय, माझं मत असं झालंय की हे प्लॅस्टिक वापरानं जेवढं खराब होतं त्याहून जास्त चुकीच्या सफाईनं होतं, आणि स्वच्छतेची ज्यांना फार काळजी त्यांचेच रिटेनर बऱ्याचदा आधी जातात.

पण औषधांकडे वळायच्या आधी तुमचा धुरकटपणा नेमका कसला आहे ते घरीच तपासा, कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर बिघडतं. रिटेनर साध्या साबणानं, बोटानं आतून-बाहेरून नीट चोळून धुवा म्हणजे वरवरचा बुळबुळीत थर निघेल. मग पूर्ण वाळू द्या आणि खिडकीच्या उजेडात धरा. आता तोच नळाखाली ओला करून परत बघा. ओला केल्यावर धुरकटपणा जवळजवळ गायब झाला आणि वाळल्यावर परत आला तर ते बारीक ओरखडे आहेत, पाणी चऱ्यांमध्ये भरतं म्हणून उजेड विखुरत नाही आणि प्लॅस्टिक तेवढ्यापुरतं स्वच्छ दिसतं. ओला केला तरी पांढरे ठिपके किंवा पट्टे तसेच राहिले आणि नखाला खरखर लागली तर ते कीटण, म्हणजे आपण टार्टर म्हणतो ते. ओल्यात-कोरड्यात दोन्हीकडे प्लॅस्टिकच्या आतून गेलेल्या बारीक चमकत्या रेघा दिसल्या, खासकरून सुळ्यापाशी किंवा मागच्या दाढेच्या कडेला, तर ते तडे आहेत, अजून फुटले नाहीत एवढंच. आणि सगळीकडून सारखा पिवळेपणा असेल तर रंग प्लॅस्टिकच्या आत शिरलाय किंवा प्लॅस्टिकच जुनं व्हायला लागलंय.

यातलं कीटण निघतं. ओरखडे निघत नाहीत, तडे तर वाढतच जातात, आणि आत शिरलेला पिवळेपणा फार तर थोडा फिका होतो.

कीटण कुठे बसतं तेही बघण्यासारखं असतं. खालच्या रिटेनरमध्ये पटाशीच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिभेकडे, आणि वरच्या रिटेनरमध्ये दाढांच्या बाहेरच्या बाजूला, गालाकडे. हे उगाच नाही, लाळग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच उघडतात, एक जोडी जिभेखाली आणि एक गालाच्या आत वरच्या दाढांसमोर. लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट आधी त्या भागावर पडतं, आधीच जमलेल्या जंतूंच्या थरात मुरतं आणि कडक होतं. तुमचे पांढरे पट्टे याच जागांवर असतील तर बिनधास्त समजा की ते कीटण आहे. सगळीकडे पसरलेला धूर असेल तर संशय ब्रशवर आणि पेस्टवर घ्यायचा.

आता प्लॅस्टिक कुठलं, कारण लोक सगळं एकच समजतात. १९९३ मध्ये जॉन शेरिडन आणि सहकाऱ्यांनी एसिक्स नावानं पातळ पारदर्शक रिटेनरची पद्धत मांडली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, प्लॅस्टिकची शीट तापवायची आणि दातांच्या मॉडेलवर व्हॅक्युमनं किंवा दाबानं ओढून बसवायची. शीट साधारण ०.७५ ते १ मिलिमीटरची असते, ओढल्यावर काही जागी अजून पातळ होते. आजकाल प्रामुख्यानं तीन जातीची प्लॅस्टिकं वापरतात. पीईटीजी हे चकचकीत, कडक, काचेसारखं स्वच्छ असतं पण रसायनांनी तडकायला सोपं. पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचं जरा दुधट दिसतं, नव्यातसुद्धा, मात्र रसायनांना चिवट असतं. पॉलियुरेथेनचं चिवट आणि लवचिक, झटकन फुटत नाही, पण पाणी आणि रंग जास्त शोषतं. तुमचा कुठला ते नुसतं बघून मलाही खात्रीनं सांगता येणार नाही, तुमच्या डॉक्टरांना एक मेसेज टाकून विचारा. नव्यातच थोडा दुधट होता का तेही आठवून बघा, कारण असे रिटेनर घेऊन लोक सहा महिन्यांनी येतात आणि म्हणतात हा धुरकट झाला, तो पहिल्या दिवसापासून तसाच असतो.

तिन्हींना लागू पडणारी एक गोष्ट मात्र आहे. तापवून ओढलेल्या प्लॅस्टिकमध्ये आत ताण अडकून राहतो, वरून तुम्ही रोज तो काढता-घालता तेव्हा कडा वाकतात. असं ताणाखाली असलेलं प्लॅस्टिक आणि त्यावर एखादं रसायन, ही जोडी वाईट. जे रसायन सपाट तुकड्यावर काहीच करत नाही तेच ताण असलेल्या कडेत शिरून केसासारखे तडे पाडू शकतं. क्लीनरच्या लॅब टेस्टमध्ये साधारण तीन गोष्टी मोजतात, आरपार किती उजेड जातो, पृष्ठभाग किती खडबडीत झाला आणि वाकवल्यावर ताठपणा किती उरला. ते उपयोगीच आहे, पण बहुतेक वेळा तुकडे सपाट असतात आणि नुसते बुडवून ठेवलेले असतात. तुमचा रिटेनर तसा नाही. म्हणून पाकिटावर "सेफ" लिहिलंय एवढ्यावर मी कधीच थांबत नाही.

उष्णतेचं आता नीट सांगते. पीईटीजी साधारण ८० अंश सेल्सियसला मऊ पडतं, पण थोडाही ताण असेल तर ६५-७० च्या आसपासच आकार सोडायला लागतं. म्हणजे गिझरचं कडक पाणी, डिशवॉशर, बाळाच्या बाटल्यांचा स्टीम स्टरिलायझर, उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड, हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह हे सगळं बाद. लोकांना वाटतं वितळला तर दिसेलच की, पण तो वितळत नाही, जरासा उघडतो किंवा मिटतो. आणि अलाइनरनं, म्हणजे तारांऐवजी घालायच्या अशाच पारदर्शक ट्रेंनी, दात सरकवताना एका ट्रेमध्ये साधारण पाव मिलिमीटरपर्यंतच सरकवतात हे लक्षात घेतलं तर कळेल की पाव मिलिमीटर वाकडा झालेला रिटेनर दात धरून ठेवायच्या ऐवजी त्यांना ढकलायला लागू शकतो. ओळखायचं असेल तर आरशात पटाशीच्या दातांच्या टोकाशी बघा, प्लॅस्टिक आणि दात यांच्यामध्ये आधी नसलेली फट दिसतेय का, किंवा एका बाजूनं बसवला की दुसरी बाजू उचलतेय का. शिवाय गरम पाण्यानं लाळेतली प्रथिनं आणखी चिकटून बसतात, म्हणजे ज्यासाठी केलं तेही धड होत नाही. पाणी नेहमी गार, फार तर कोमट, हाताला गरम लागलं की जास्त झालं.

आता टूथपेस्ट. पेस्टमध्ये घासणारे कण असतात, सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते दाताच्या इनॅमलसाठी ठरवलेले असतात. इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ, हे प्लॅस्टिक त्याच्या जवळपासही नाही. पेस्ट किती घासते याचं एक माप असतं, आरडीए, त्याची आंतरराष्ट्रीय मानकातली वरची मर्यादा २५० आहे, आणि दात पांढरे करणाऱ्या पेस्ट बऱ्याचदा १०० च्या वर असतात. दाताला चालतं म्हणून प्लॅस्टिकला चालेल असं नाही, चष्म्याची काच भांड्याच्या घासणीनं पुसल्यासारखं ते होतं. चरे नुसते दिसायला वाईट असते तरी मी सोडून दिलं असतं, पण त्या चऱ्यांत जंतूंना बसायला जागा मिळते, थर लवकर धरतो, घट्ट धरतो, आणि मग वास. तो घालवायला माणूस अजून जोरात पेस्ट घासतो, की अजून चरे. तुमचं बहुतेक हेच झालंय. कोळशाची काळी पेस्ट तर रिटेनरच्या जवळही नेऊ नका, घासतेही आणि काळे कण चऱ्यांत बसतात ते निघता निघत नाहीत. जेलची पेस्ट चालते का असं विचारतात, तर जेल दिसायला पारदर्शक असलं तरी त्यातही सिलिका असतेच, त्यामुळे नाही.

माऊथवॉशबद्दल मात्र जास्त लिहावं लागेल, कारण तिथे लोक तीन वेगवेगळी औषधं एकाच नावानं वापरतात. पहिला प्रकार अल्कोहोलवाला, काहींमध्ये २० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. तो अर्धा मिनिट चूळ भरायला बनवलेला असतो आणि तुम्ही त्यात प्लॅस्टिक आठ-आठ तास ठेवता. मघाशी जे ताणाखालच्या कडेचं सांगितलं ते इथे लागू होतं, पीईटीजी असेल तर जास्तच. दुसरा प्रकार क्लोरहेक्झिडिनचा, जो आम्हीच कधी हिरड्यांसाठी लिहून देतो. जंतूंवर तो खरंच चांगला, पण त्याची ओळखच तपकिरी डाग अशी आहे, दातांवर पडतात तसेच प्लॅस्टिकवर, आणि चहा-कॉफीनं अजून गडद होतात. तिसरा म्हणजे निळा, हिरवा, जांभळा रंगीत बिनअल्कोहोलचा, त्याच्यानं तडे जात नाहीत पण रंग मुरतो, पॉलियुरेथेनमध्ये तर लवकरच.

आणि मुख्य मुद्दा वेगळाच आहे. माऊथवॉश हे धुण्याचं औषधच नाही. रिटेनरवरचा थर हा नुसत्या सुट्या जंतूंचा नसतो, त्यांनी स्वतःभोवती चिकट जाळं विणलेलं असतं, वरवरचे मरतात, खालचे त्या जाळ्यात सुखरूप राहतात, आणि मेलेला थर जागेवरच असतो ज्यावर नवीन थर बसतो. म्हणून माऊथवॉशमध्ये ठेवलेल्या रिटेनरला तासाभर पुदिन्याचा वास आणि रात्री परत तोच वास. थर हातानंच काढावा लागतो. कुठल्याही क्लीनरच्या बाबतीत हे डोक्यात पक्कं ठेवलं की जाहिरातींचा अर्धा जोर आपोआप ओसरतो.

आता गोळी, जिच्यावर तुमचा राग आहे. फेस येतो तो खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड यांच्यातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा, पण काम करणारा माल दुसरा असतो. सोडियम परकार्बोनेट किंवा परबोरेट, जे पाण्यात पडलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, कधी पोटॅशियम मोनोपरसल्फेट, जोडीला थोडं डिटर्जंट, आणि काहींत प्रथिनं तोडणारं एन्झाइम. मऊ थर सैल करायला, डाग फिके करायला आणि वास मारायला हे मिश्रण चांगलं आहे आणि सांगितल्या वेळेपुरतं ठेवलं तर प्लॅस्टिकला फारसं काही करत नाही. गडबड होते ती तीन ठिकाणी. एक, रात्रभर किंवा दिवसभर बुडवून ठेवणं. गोळीतला ऑक्सिजन सुरुवातीलाच खर्च होतो, बऱ्याच गोळ्यांचा निळा रंग उतरतो तो त्यासाठीच, त्यानंतर तुमचा रिटेनर गढूळ खारट पाण्यात पडून असतो. दुसरं, कवळीच्या गोळीच्या पाकिटावर कोमट पाणी लिहिलेलं असतं आणि लोक गरम घेतात, मग वाकला की दोष गोळीचा. तिसरं, गोळीनंतर नुसतं पाण्यातून काढून तोंडात घालणं. सैल झालेला थर ब्रशनं काढायचा असतो, नाहीतर वाळल्यावर तो तिथेच परत बसतो.

कीटण मात्र गोळीनं फारसं जात नाही, आणि त्याचं कारण गंमतशीर आहे. कीटण विरघळायला आम्ल लागतं, गोळीत आम्ल असतं खरं, पण तेच फेस करण्यात सोड्याबरोबर संपून जातं. म्हणून महिनोन् महिने गोळ्या वापरूनही पांढरे पट्टे जसेच्या तसे राहतात.

गोळीबद्दल एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. परसल्फेटची काहींना ॲलर्जी येते, हिरड्यांची आग, ओठांना सूज, पुरळ, क्वचित श्वासाला त्रास. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण संस्थेनं, २००८ मध्ये कवळीच्या क्लीनरबाबत याची सूचना काढली होती आणि कंपन्यांना लेबलं सुधारायला सांगितलं होतं. पहिल्याच वापराला येते असं नाही, वर्षानुवर्षं वापरल्यावरही येऊ शकते. त्यामुळे रिटेनर घातल्यावर हिरड्या चुरचुरत असतील तर गोळी बंद करा, घटकांची यादी वाचा आणि डॉक्टरांना दाखवा, श्वासाला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल. आणि काहीही असो, गोळीनंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायचंच, ते पाणी तोंडात जाण्यासाठी नसतं. रोज गोळी लागतेच असं मला वाटत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरते.

कीटणासाठी व्हिनेगर. साधं पांढरं, जे साधारण ५ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच गार पाणी घालायचं आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, मग मऊ ब्रशनं ते पट्टे चोळायचे, थोडे सुटतील, उरलेले पुढच्या आठवड्यात. एका झटक्यात काढायच्या नादात टोकदार काहीतरी घेऊन खरवडू नका, सेफ्टी पिननं खरवडलेले रिटेनर मी बघितलेत, कीटण निघतं आणि तिथे कायमची खाच राहते जिच्यात पुढचं कीटण अजून घट्ट बसतं. व्हिनेगरचा वास एखाददुसरा दिवस राहतो, चांगलं धुतलं की जातो. नीट न धुता तोंडात घातलं तर आम्ल दातांवर दाबून धरल्यासारखं होतं, इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं आणि व्हिनेगर त्याच्या बरंच खाली आहे, म्हणून धुण्यात कंजूषपणा नको. खूप जाड कीटण असेल तर क्लिनिकमध्ये आणा, आमच्याकडच्या मशीनमध्ये ते सोपं पडतं.

खाण्याचा सोडा वासासाठी छान. ग्लासभर पाण्यात चमचाभर विरघळवून त्यात अर्धा तास ठेवला तर आंबूस वास बराच जातो, प्लॅस्टिकला धोका नाही. फक्त त्याची कोरडी पेस्ट करून घासू नका, पेस्टपेक्षा सौम्य असला तरी कण ते कणच. आणि तो जो व्हिनेगरमध्ये सोडा टाकायचा व्हिडिओ फिरतो ना, फेस मस्त दिसतो पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, आम्ल पण गेलं आणि सोडा पण गेला. एक तर हे वापरा नाहीतर ते, वेगवेगळ्या दिवशी.

हायड्रोजन पेरॉक्साइड, ३ टक्क्यांचं, निम्मं पाणी घालून दहा-पंधरा मिनिटं, कधीतरी, ठीक आहे. रोज नको.

ब्लीचचं मी नाहीच म्हणते. प्लॅस्टिक पिवळं आणि ठिसूळ व्हायची भीती, वास मुरतो, आणि मुख्य म्हणजे घरात मोजून पातळ करणारं कुणी नसतं. त्यात व्हिनेगर किंवा दुसरा आम्लाचा क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू निघतो, हा रिटेनरपेक्षा फुप्फुसांचा प्रश्न आहे. हँड सॅनिटायझर, स्पिरिट, नेलपॉलिश रिमूव्हर हे तर प्लॅस्टिकचे सरळ शत्रू, ॲसिटोननं पीईटीजी मऊ पडून पांढरं होतं. नैसर्गिक म्हणून लवंगेचं तेल किंवा टी ट्री ऑइलचे थेंब टाकतात, तेही नको, ही तेलं प्लॅस्टिकमध्ये शिरतात आणि नैसर्गिक असणं प्लॅस्टिकला कळत नाही.

मशीनचं विचारलं नाहीत पण कुणीतरी विचारणारच. अल्ट्रासॉनिकचा छोटा डबा खरंच उपयोगी आहे, बारीक बुडबुडे फुटून दाढांच्या खाचांतला थर सुटतो जिथे ब्रशचे केस पोचत नाहीत. साधं गार पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब एवढंच टाका, आणि हीटर असेल तर बंद ठेवा. यूव्हीच्या डबीवर मला भरवसा नाही. प्रकाश पडतो तिथले जंतू मरतात, रिटेनरच्या खोलगट बाजूला सावली राहते, थर तर निघतच नाही, आणि रोजच्या यूव्हीनं प्लॅस्टिक हळूहळू पिवळं पडतं ते वेगळंच.

मग रोज काय करायचं, तर फार साधं आहे आणि म्हणूनच कुणाला पटत नाही. तोंडातून काढला की लगेच, ओला असतानाच, गार पाण्याखाली धरा. टिश्यूत गुंडाळून बाजूला ठेवला की लाळ वाळते आणि वाळलेली लाळ धुवायला दुप्पट मेहनत, शिवाय टिश्यूतला रिटेनर कचऱ्यात जातो, माझ्याकडे नवीन रिटेनरसाठी येणाऱ्यांची ही नेहमीची कहाणी आहे. मग बिनवासाच्या सौम्य लिक्विड सोपचा एक थेंब, भांड्याचं चालेल, बोटानं आतून-बाहेरून चोळायचा, नंतर वेगळा ठेवलेला मऊ केसांचा ब्रश, लहान मुलांचा सगळ्यात बरा, पेस्टशिवाय. दाढांच्या आतल्या खड्ड्यांत ब्रश फिरवायचा, तिथेच सगळं साठतं. खालून बोटांचा आधार द्यायचा, बेसिनवर आडवा दाबून घासायचा नाही, त्यानं मधोमध तडकतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सुगंधी हँडवॉश नको, त्याची चव दिवसभर येते.

धुतल्यावर झटकून उघड्यावर वाळू द्या आणि वाळल्यावरच डबीत ठेवा, डबीला भोकं असलेली बरी. ओला रिटेनर बंद डबीत ठेवला की बुरशीला, म्हणजे कॅन्डिडाला, हवं तसं वातावरण मिळतं. ॲक्रिलिकच्या कवळीला पाण्यात ठेवायला सांगतात ते ऐकून लोक हाही पाण्यात ठेवतात, याला तशी गरज नाही. आणि डबी! रिटेनर लख्ख आणि डबीच्या कोपऱ्यात काळपट थर, हे इतक्या वेळा बघते की आता वासाची तक्रार आली की आधी डबीच उघडायला सांगते. आठवड्यातून एकदा तीही साबणानं घासा, तिचं झाकण जिथे जोडलंय तिथे विशेष.

वासाचं अजून एक कारण दात असतात. रात्री ब्रश न करता रिटेनर घातला तर दातांवरचा थर रात्रभर प्लॅस्टिकखाली कोंडून राहतो, लाळ तिथे फिरत नाही, सकाळी तो सगळा आतून प्लॅस्टिकला लागलेला असतो. असं चालू असेल तर कुठल्याही क्लीनरनं फरक पडणार नाही.

तर तुमच्या या रिटेनरचं असं करा. आज वरची ओली-कोरडी तपासणी करा. पट्टे कीटणाचे निघाले तर व्हिनेगरचं दर आठवड्याला एकदा, दोन-तीन आठवडे, आणि मग गरजेपुरतं. माऊथवॉश आणि पेस्ट आजपासून बंद, गोळी आठवड्याला दोनदा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढीच मिनिटं. ओरखडे निघाले तर ते स्वीकारा, पॉलिश करायच्या भानगडीत पडू नका, पातळ प्लॅस्टिक अजून पातळ होईल. धुरकट रिटेनर दात धरून ठेवायचं काम नव्याइतकंच करतो, फक्त थर लवकर धरतो म्हणून धुण्यात जास्त नीटपणा लागेल. तडे दिसले, कडा तोंडाला टोचायला लागली, किंवा बसायला सैल किंवा जास्त घट्ट झाला तर मात्र नवीन करून घ्या, पण नवीन मिळेपर्यंत जुना घालणं थांबवू नका, तारा निघाल्यावरच्या पहिल्या वर्षात दात सगळ्यात जास्त सरकतात. तुकडा पडायच्या बेतात असेल किंवा जोर लावल्याशिवाय बसतच नसेल तर घालू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा विचारा की तुमचं मॉडेल किंवा स्कॅनची फाइल अजून आहे का. सध्याचा रिटेनर नीट बसतोय म्हणजे दात हललेले नाहीत, त्यामुळे त्याच मॉडेलवर नवीन काढता येतो, परत माप द्यायची गरज पडत नाही. जमल्यास एका वेळी दोन काढून घ्या आणि त्यात कुठलं प्लॅस्टिक वापरणार तेही तेव्हाच विचारून ठेवा. तुमच्यासारखं भिजवून ठेवायची सवय असलेल्या माणसाला मी पीईटीजी द्यायला कचरते.